अर्थपंडित बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मदीक्षा देणारे म्हणून वंदन करतो, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे सेनापती म्हणून त्यांचा जयजयकार करतो. हे सारं योग्यच आहे. मात्र जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांच्या नावापुढे ज्या पदव्या आपण ओळीने छापतो, त्यांतल्या एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या चारही पदव्या अर्थशास्त्रातल्या आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. एम.एस्सी. म्हणजे सायन्स, असं समजून आपलीच शिकलेली मुलं बाबासाहेबांना शास्त्रज्ञ करून टाकतात. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या जीवनाची हीच बाजू आपल्या कुटुंबांपुढे मांडावी, असे आम्ही ठरवले. विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या चुलीपर्यंत पोचणारा आहे.

अर्थशास्त्र म्हणजे नुसता शेअर बाजार नव्हे की बँकेचं कारकुनी काम नव्हे. डब्यात तांदूळ किती, खाणारी तोंडं किती, पगाराला दिवस किती, हा हिशोब आपल्या आया-बहिणी रोज करतात, तेच अर्थशास्त्र. वस्तू थोड्या आणि गरजा फार, म्हणून एका ठिकाणी पैसा लावला की दुसरीकडचा हात आखडता घ्यावा लागतो. शास्त्राची सुरुवात इथूनच होते.

बाबासाहेबांना हा धडा शाळेत मिळायच्या आधी घरात मिळाला. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. रामजीबाबा निवृत्त होऊन पेन्शनवर घर चालवत होते. भिवाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन झाली की सोडवून परत देत, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. दागिना अंगावर राहणार की त्याचं पुस्तक होणार, या दोहोंतलं एकच होऊ शकत होतं. सुभेदारांनी पुस्तक निवडलं. त्या दोन बहिणींनीही ते निवडलं, हे मात्र आपण भाषणातून कधी सांगत नाही.

१९०७ साली मॅट्रिक, मग बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती, एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आणि १९१३ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाने त्या काळात वकील व्हावं, फार तर मास्तर व्हावं. बाबासाहेबांनी मुख्य विषय घेतला तो अर्थशास्त्र. तिथे प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे कर आणि सरकारी वित्त या विषयातले मोठे पंडित त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ साली बाबासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचं वित्त यावर प्रबंध लिहिला. कंपनीच्या तिजोरीत पैसा कुठून येई? शेतसारा, मीठ, अफू, जकात. आणि जाई कुठे? लढाया, फौज, कर्जावरचं व्याज, इंग्लंडला पाठवायची रक्कम. रस्ते, कालवे, शाळा यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. पैसा कुणाच्या खिशातून निघाला आणि कुणाच्या कामी आला, हा प्रश्न पंचविशी न गाठलेल्या या विद्यार्थ्याने विचारला, आणि पुढे जन्मभर तो बाबासाहेबांनी सोडला नाही.

मिठावरच्या कराचं मर्म उरणच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. करंजापासून पुढे आपल्या भागात मिठागरंच मिठागरं होती, त्यांतली बरीचशी पुढे भरावाखाली गेली. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ खात नाही. दोघांच्या आमटीत मीठ सारखंच पडतं. म्हणून मिठावर कर बसवला की तो दिसायला सगळ्यांना समान, पण गरिबाच्या मिळकतीतला त्याचा हिस्सा कितीतरी मोठा. कर कसा असावा, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावा की सगळ्यांनी सारखा द्यावा, हा अर्थशास्त्राचा पहिलीतला प्रश्न आहे.

१९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध लिहून बाबासाहेब लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं. ज्या बोटीवर त्यांचं सामान आणि पुस्तकं होती ती बोट शत्रूने पाणतीर मारून बुडवली. सामानाच्या नुकसानभरपाईचे थोडे पैसे मिळाले, त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च भागला. बडोद्यात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. शिपाई लांबून फायली फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं. बाबासाहेब मुंबईला परत आले.

त्यानंतरची एक हकीकत कमी लोकांना माहीत आहे. पोटापाण्यासाठी त्यांनी मुंबईत शेअर आणि रोखे यांबाबत व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक येऊ लागलं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की बाजारात गिऱ्हाईक फक्त माल पाहतं आणि भाव पाहतं, विकणाऱ्याची जात बाजाराला कळत नाही. मुंबईच्या बाजाराने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं! सल्ला चांगला, दर माफक, तरी धंदा बुडाला. आपल्यातल्या ज्या तरुणांनी वडापावची गाडी किंवा किराणा दुकान टाकून पाहिलं आहे, त्यांना यावर आम्ही आणखी काय सांगावं?

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच साली भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय या विषयावरचा त्यांचा लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हा लेख आम्हाला बाबासाहेबांच्या सगळ्या आर्थिक लिखाणात आपल्याला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

तेव्हा मोठमोठे अधिकारी आणि पंडित सांगत होते की हिंदुस्थानातली शेती मागास आहे, कारण जमिनीचे फार बारीक तुकडे झाले आहेत. तेव्हा तुकडे जोडा, एका कुटुंबाचं पोट भरेल एवढे एकर ठरवा, त्याखाली वाटणी होऊ देऊ नका, की झालं. बाबासाहेबांनी विचारलं की पोट भरण्यावरून शेत लहान की मोठं हे ठरवायचं कसं? शेत हे कारखान्यासारखं पिकवण्याचं साधन आहे. जमीन, मजुरी आणि भांडवल या तिन्ही गोष्टींचं एकमेकींशी प्रमाण जमलं पाहिजे. बैल नाही, अवजार नाही, खत नाही, पाणी नाही, तर दहा एकरही त्या माणसाला जास्तच. आणि सगळी साधनं हाताशी असतील तर थोड्या जमिनीतही बरकत येते. म्हणजे एकरांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

मग खरा रोग कुठला? जमिनीवर टेकलेली माणसं जास्त आणि त्यांना दुसरं काम नाही. जिथे दोघांनी होणारं काम आहे तिथे पाच जण राबताहेत, त्यातले तिघे रिकामे म्हणावेत इतकी त्यांची भर कमी. खाणारी तोंडं मात्र पाच. शिल्लक पडत नाही, म्हणून भांडवल जमत नाही, म्हणून शेत सुधारत नाही. उपाय शेतात नाही, शेताबाहेर आहे. उद्योग उभे करा, जास्तीचे हात तिकडे वळवा, म्हणजे जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल आणि जमिनीचा प्रश्न निम्मा तरी सुटेल. सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने हे १९१८ साली सांगितलं.

आता आपल्या उरण-पनवेलकडे पाहू. शेतीतून माणूस उद्योगाकडे जाण्याचा जो प्रवास बाबासाहेबांनी सांगितला, तो आपल्या डोळ्यांदेखत झाला. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी भातशेती व मिठागरं संपादन झाली. लोकांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. आता तर २०२४ च्या जानेवारीपासून उरणला लोकल येते आणि अटल सेतूवरून शिवडी काही मिनिटांवर आली. उद्योग आले हे खरं. पण बाबासाहेबांच्या म्हणण्यात उद्योग हे जास्तीच्या हातांना काम देण्यासाठी होते. हाताला काम मिळालं की नाही, मिळालं तर कायम की कंत्राटी, हा हिशोब आपल्या आळीत प्रत्येकाने आपापला करावा. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. भूखंड मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जो बांधावर राबत होता, पण ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, त्याच्यासाठी या योजनेत साडेबारा टक्के कशाचे? आपल्या समाजातली किती घरं या दुसऱ्या रांगेत होती, ते वडीलधाऱ्यांना विचारावं.

मोबदल्याचा पैसा काही घरांत घर बांधण्यात गेला, काहींनी धंदा घातला, काहींचा लग्नात आणि गाड्यांत विरघळला. जमीन हे पिकवण्याचं साधन होतं. त्याचा पैसा झाला तेव्हा त्यातून दुसरं पिकवण्याचं साधन उभं राहिलं तरच ते भांडवल, नाहीतर तो नुसता खर्च. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अर्धी मिळकत धंद्यात! आपण वंदना म्हणतो, पण हे गणित घरी मांडत नाही.

असो. सिडनहॅमच्या पगारातून पैसा साठवून, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचं साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेऊन, बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत माता रमाई संसार रेटत होत्या. तिकडे बाबासाहेब एका वेळेच्या जेवणावर दिवस काढत, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत. मित्राने दिलेले पापड रात्री भाजून खात, असं सांगतात. एकाच घराची ही दोन टोकं, आणि मध्ये समुद्र. रमाईंच्या हिशोबाची वही कुणी ठेवली असती तर तीही अर्थशास्त्राचा एक ग्रंथ झाली असती, असं आम्हाला राहून राहून वाटतं.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. त्यानंतर डी.एस्सी.साठी जो प्रबंध बाबासाहेबांनी लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. परीक्षकांना त्यातली टीका फार तिखट वाटली, तो नव्याने लिहून द्यायला सांगितलं. बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतले होते. त्यांनी इथूनच मांडणी बदलून, पण निष्कर्ष न बदलता, प्रबंध परत पाठवला. तो मंजूर झाला आणि त्याच वर्षअखेर लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची. काही मुद्दे आपल्याला पटत नाहीत, असं गुरूंनी त्या प्रस्तावनेतच सांगितलं आणि तरीही शिष्याच्या ताज्या विचाराचं कौतुक केलं. हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

रुपयाचा प्रश्न म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. पूर्वी रुपया चांदीचा होता. कुणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत. पुढे जगात चांदी स्वस्त झाली, तसा सोन्याच्या पौंडाच्या तुलनेत रुपया घसरत गेला. इंग्रज सरकारला विलायतेत पौंडात देणी द्यावी लागत, ती भारी पडू लागली. म्हणून १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर बांधून ठेवला आणि रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्याच हाती उरला. जॉन मेनार्ड केन्स या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची भलामण केली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. सरकारला हवे तेवढे रुपये काढता येत असतील तर बाजारात रुपये वाढतील, आणि माल तेवढाच राहिला तर भाव चढतील. पौंडाशी दर स्थिर ठेवून काय उपयोग, जर त्याच रुपयात तांदूळ कमी येऊ लागला? रुपयाची किंमत विलायतेच्या पेढीवर नाही, गावच्या दुकानात मोजायची, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. म्हणून रुपये काढण्यावर सरकारच्या मर्जीचा नव्हे, नियमाचा लगाम पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

समजा, एका बाईला धुण्याभांड्याचे महिन्याला चार हजार मिळतात. वर्षभरात तांदूळ, तेल, गॅस महागले आणि पगार तोच राहिला. कागदावर तिची मिळकत तेवढीच आहे, पण खरी मिळकत कमी झाली. तिच्या मालकिणीने पगार कापला नाही, तरी कापला गेला. भाव चढले की व्यापाऱ्याचा माल महाग विकला जातो, कर्जदाराचं कर्ज हलकं होतं, पण मजुरी मागाहून रखडत येते. त्या काळी गिरणीमालक आणि निर्यातदार रुपया स्वस्त ठेवा म्हणून ओरड करत होते, आणि ती मागणी देशभक्तीची समजली जाई. बाबासाहेबांनी देशभक्तीच्या आवरणाखाली हात घालून पाहिला. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला जो जादा नफा होतो तो परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या खऱ्या मजुरीतून कापलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. देशाचा फायदा म्हटलं की देशातल्या कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच्या किती पुढाऱ्यांनी विचारला असेल!

चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष दिली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असं आपल्या सभांमधून सरसकट सांगितलं जातं. नेमकं सांगायचं तर आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. त्या आयोगासमोर साक्ष देणाऱ्या जाणकारांत बाबासाहेब होते आणि चलनावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ होता. एवढं खरं सांगितलं तरी ते पुरेसं मोठं आहे. त्यात फुगवटा घालायची गरज नाही, उलट एखाद्याने शोधून काढलं की आपलीच मुलं अडचणीत येतात.

कोलंबियातला प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने आला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय. तो सयाजीराव महाराजांना अर्पण आहे. पुढे घटनेत केंद्र आणि राज्यांमधल्या वाटणीसाठी २८० व्या कलमाखाली वित्त आयोग आला आणि १९५१ मध्ये पहिला आयोग नेमला गेला. त्या वाटणीचा अभ्यास मसुदा समितीच्या अध्यक्षांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

ग्रंथ लिहून बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आले आणि अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावरच बोट ठेवलं. प्राप्तिकराला एक मर्यादा असते, तिच्या आतल्या मिळकतीवर कर नाही. शेतकऱ्याला मात्र अशी सूट नाही, पीक बुडो की तरो, एक एकर असो की शंभर, सारा द्यायचाच. हा कुठला न्याय? त्याच वर्षी सरकारने लहान शेतांचे तुकडे एकत्र करण्याचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांनी विरोध केला. तुकडे एकत्र होतील, पण ज्याचा तुकडा जाईल तो भूमिहीन होईल, त्यापेक्षा सहकारी शेती करा, असा त्यांचा आग्रह. १९१८ च्या लेखातला प्राध्यापक इथे आमदार म्हणून बोलत होता.

आणि आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात खोती होती. सरकारचा सारा गोळा करून भरायचा खोताने, आणि कुळाकडून घ्यायचा त्याहून कितीतरी जास्त. मधला फरक खोताच्या घरात. शिवाय वेठबिगार वेगळी. खोत नांगर धरत नाही, बी पेरत नाही, विहीर खणत नाही, तरी पिकाचा मोठा वाटा त्याचा. उत्पादनात भर न घालता नुसत्या हक्काच्या जोरावर मिळकत खाणारा मध्यस्थ म्हणजे काय, ते समजायला कोकणच्या माणसाला पुस्तक लागत नाही. १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप केला. जमिनी कसायच्याच नाहीत! आगरी, कुणबी, महार, सगळी कसणारी माणसं. सहा वर्षं त्यांनी लाकडं तोडून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. संप म्हणजे आपल्या श्रमाचा पुरवठा रोखून धरणं. पण तो रोखायचा तर पोटाला चिमटा घ्यावा लागतो, आणि तो त्यांनी घेतला.

बाबासाहेब १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. विधेयक मंजूर झालं नाही. खोती रद्द होण्याचा कायदा १९४९ साली झाला. चवदार तळ्याचा महाड याच जिल्ह्यातला आणि चरीही याच जिल्ह्यातली. एका ठिकाणी पाण्याचा हक्क, दुसऱ्या ठिकाणी पिकाचा. महाडला दरवर्षी आपल्या बसगाड्या भरून जातात. चरीला किती जण गेलेत?

गिरण्यांतही बाबासाहेबांनी हाच हिशोब मांडला. मुंबईच्या गिरणीत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नसे, कारण तुटलेला धागा तोंडात धरून ओला करावा लागे आणि विटाळ होई. म्हणजे कमी मजुरीच्या खात्यात हातांची गर्दी, तिथे मजुरी आणखी खाली. एका खात्यातून दुसऱ्यात जायला आडकाठी आली की मजुरी ठरवणारी मागणी-पुरवठ्याची तागडी आधीच एका बाजूला झुकलेली असते. जातिव्यवस्था ही कामाची सोयीची वाटणी आहे असं म्हणणाऱ्यांना १९३६ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात बाबासाहेबांनी याच अंगाने उत्तर दिलं. काम वाटलेलं नाही, काम करणारी माणसं एकमेकांपासून तोडलेली आहेत, वर-खाली रचलेली आहेत. धंदा बदलायची मुभा नाही, म्हणून एका धंद्याला उतरती कळा लागली की त्या जातीला बेकारीच.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरून मजुरांची कामाची जागा पाहून आले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्याच खात्याची. आज कंत्राटी कामावर बारा तास उभं राहणाऱ्या आपल्या पोरांनी हा आकडा पाठ करावा. दामोदर खोऱ्यातल्या धरणाच्या योजनेचा पाया, पाणी आणि विजेचं नियोजन, रोजगार विनिमय केंद्रं, ही त्याच चार वर्षांतली कामं. प्रत्येकावर वेगळा लेख होईल.

१९४७ च्या मार्चमध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा, मूलभूत उद्योग सरकारने चालवावेत आणि विमा सरकारी करून प्रत्येक प्रौढाने तो सक्तीने घ्यावा, असं सुचवलं. हे घटनेत आलं नाही. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण मात्र १९५६ मध्ये झालं. त्यांच्या त्या योजनेवर मतं वेगळी असू शकतात. आमच्यातही आहेत. सामुदायिक शेतीचे जगात जे प्रयोग झाले त्यांतल्या काहींनी लोकांना उपाशी ठेवलं, हे नाकारून चालणार नाही. पण प्रश्न त्यांचा होता, आणि तो सुटलेला नाही. ज्याच्या हाती काहीच नाही तो भुकेच्या धाकाने काम पत्करतो, तेव्हा त्याला स्वतंत्र म्हणायचं का?

१९५३ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय काढलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. २० नोव्हेंबरला काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. गरिबाचं शोषण हे दुःख दोघांनीही ओळखलं, पण ते दूर करण्याचा बुद्धाचा मार्ग हिंसेचा आणि हुकूमशाहीचा नाही, मन बदलण्याचा आहे, असं त्यांचं सांगणं होतं. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

रुपयाचा प्रश्न, प्रांतिक वित्त आणि ईस्ट इंडिया कंपनी हे तिन्ही ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात एकत्र छापले. लहान शेतजमिनींचा लेख पहिल्या खंडात आहे. आपल्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन होतंच. येत्या वर्षावासात पौर्णिमेच्या चार रात्री हा लेख मराठीतून समजावून सांगण्याचं ठरलं आहे. ज्या घरी सातबारा किंवा भूखंडाची जुनी कागदपत्रं असतील त्यांनी ती सोबत आणावीत, आणि ज्यांच्या घरी तसला कागदच नाही त्यांनी आधी यावं.